पाहुण्याचा रुपया वाडीत किती दिवस राहतो

माझ्याकडे लाल पुठ्ठ्याची एक लांबट वही आहे. अशा आता पाच झाल्या. कुडाळला एका पतसंस्थेत मी नऊ वर्षं कारकून होते. तेव्हापासून दिवसाचा जमाखर्च लिहिल्याशिवाय मला झोप लागत नाही. २०१३ च्या दिवाळीत आम्ही मागच्या पडवीला लागून दोन खोल्या काढल्या आणि पाहुणे ठेवायला लागलो. वही त्याच दिवशी सुरू केली. डाव्या पानावर पाहुण्यांनी दिलेले पैसे. उजव्या पानावर ते माझ्या हातून कुणाकडे गेले त्याचे चार रकाने : वाडीत, गावात, तालुक्यात, बाहेर.

आमचं गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कुडाळ तालुक्यात, कर्ली खाडीच्या काठावर. घरातून समुद्र दिसत नाही, त्याची गाजही ऐकू येत नाही. पण भरतीचं पाणी आमच्या बांधाला येऊन लागतं आणि सुकतीला चिखलात बायका खुबे-तिसऱ्या काढायला उतरतात. पहिल्या वर्षी आमच्याकडे जे आले ते सगळे समुद्रकिनाऱ्यावरच्या तारकर्लीला खोली मिळाली नाही म्हणून आलेले होते.

२९ डिसेंबर २०१३ चं पान मी अजून मधूनमधून उघडते. पुण्याचे सहा जण, दोन रात्री, जमा ८,४०० रुपये. उजव्या पानावर ब्रॉयलर कोंबडी, पनीर, बेळगावहून आलेली भाजी, पाण्याच्या बाटल्यांचे दोन खोके, थंड पेयं, गॅस, तेल, नव्या चादरी. खाडीतल्या मासळीचे ९५० रुपये गावात राहिले आणि भांडीकुंडी करायला आलेल्या शेजारच्या काकींचे ४०० रुपये वाडीत. बाकीची नोंद जवळजवळ सगळी चौथ्या रकान्यात.

मार्चअखेर बेरीज केली. आमच्या हाती जे उरलं ते बाजूला ठेवलं आणि खर्चलेल्या प्रत्येक शंभर रुपयांचा हिशेब मांडला : ५८ बाहेर, २१ तालुक्यात, ११ गावात, १० वाडीत. म्हणजे पाहुणा आमच्या पडवीत झोपला, आमच्या विहिरीचं पाणी वापरलं, त्याचा कचरा आमच्या परसात राहिला आणि त्याचे निम्म्याहून जास्त पैसे आठ दिवसांत घाट चढून गेले. त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं, आपण धंदा करतोय की नुसती हमाली? तो मुंबईतली नोकरी सोडून परत आलेला माणूस. काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो वाडीतल्या चार घरी जाऊन आला.

त्या चार घरांतल्या बायकांची वायंगणाची, म्हणजे पावसाळ्यानंतर दुसरं पीक घ्यायची, जमीन पाच-सहा वर्षं पडून होती. पाणी होतं, पण विकायचं कुणाला म्हणून कुणी लावत नव्हतं. मी त्यांना माझ्या तारखा दिल्या. नाताळची सुट्टी, २६ जानेवारी, शिमगा, मे महिना. किती माणसं जेवतील त्याचा अंदाज दिला आणि बियाण्याचे पैसे आगाऊ दिले. तांबडी भाजी, मुळा, वाल, वांगी. पहिल्या वर्षी सगळा मुळा एकाच आठवड्यात तयार झाला आणि पाहुणे त्याच्या पुढच्या आठवड्यात आले. दुसऱ्या वर्षापासून दहा-दहा दिवसांच्या अंतराने वाफे लावायचं ठरलं. आता त्या चौघी आमच्याच नव्हे, खाडीकाठच्या आणखी सहा घरांना भाजी देतात.

पनीर आम्ही बंद केलं. काळ्या वाटाण्याचं सांबार आणि आंबोळ्या मिळायला लागल्यावर कुणीही पनीर मागितलेलं नाही. थंड पेयांच्या जागी कोकमाचं सरबत आलं. आगळ, म्हणजे कोकमाचा रस, आमच्या मावशी करतात आणि जाताना निम्मे पाहुणे बाटली विकत घेऊन जातात. खोल्यांतले पलंग कुडाळच्या कारागिरांनी केलेले, बांबूचे. पाण्याच्या बाटल्या सुटायला चार वर्षं लागली, कारण त्यासाठी विहिरीचं पाणी दर वर्षी तपासून घेऊन अहवाल पडवीत लावावा लागला. आणि होडी. खाडीवर पूल झाल्यावर तर, म्हणजे माणसांना पलीकडे नेणारी होडी, बंद पडली आणि तरीवरच्या माणसांचं काम गेलं. त्यांतले एक आबा आता पहाटे पाहुण्यांना खाडीत फिरवून आणतात. कांदळवनात बगळे, खंड्या, कधी नशिबाने पाणमांजर. इंजिन नाही, वल्हं. पाहुण्यांना आबा पहिली दहा मिनिटं बोलू देत नाहीत आणि पाहुण्यांना नेमकं तेच लक्षात राहतं.

यंदाच्या मार्चअखेरची बेरीज अशी आहे : २६ बाहेर, २४ तालुक्यात, २८ गावात, २२ वाडीत. इथवर यायला साडेबारा वर्षं लागली.

हे एवढं घरातलं सांगितलं, कारण पर्यटनातून गावाचा विकास ही गोष्ट मी सगळीकडे ऐकते, आणि ती मोजतात कशावर तर किती माणसं आली, किती खोल्या झाल्या आणि किती कोटींची गुंतवणूक आली यावर. माझे चार रकाने मी आजवर कुठल्याच आराखड्यात पाहिलेले नाहीत. माझ्या मते सुरुवात तिथूनच व्हायला हवी. आलेला रुपया कुठे जातो आणि तो जाण्याआधी किती हातांतून फिरतो, हे ठरवण्याला मी नियोजन म्हणते.

आमचा जिल्हा १ मे १९८१ ला रत्नागिरीपासून वेगळा झाला. १९९७ मध्ये तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, देशातला पहिला. पुढच्या वर्षी २६ जानेवारीला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. मी तेव्हा कॉलेजात होते. कुडाळ स्टेशनवर गाडी बघायला आम्ही मैत्रिणी सायकलींवरून गेलो होतो आणि आता मुंबईला कुणाला जावं लागणार नाही, मुंबईच इथे येईल, असं आम्हाला खरोखर वाटलं होतं. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गात ८,६८,८२५ माणसं होती. २०११ मध्ये ८,४९,६५१. दहा वर्षांत १९,१७४ माणसं कमी झाली. शेजारच्या रत्नागिरीचीही कमीच झाली. दर हजार पुरुषांमागे आमच्याकडे १,०३६ बायका, कारण पुरुष लालबाग-परळपासून विरार-डोंबिवलीपर्यंत पांगलेले. याचा दोष पर्यटनाला देता येत नाही. मुंबईची वाट पर्यटनाच्या कितीतरी आधीची आहे, आणि आता घरोघरी मुलंही एक-दोनच. पण पर्यटन जिल्हा झाल्यावर माणूस गावात थांबेल ही जी आशा होती, तिचं त्या दहा वर्षांत काय झालं ते आकड्यांत दिसतं. रेल्वेने येणं सोपं केलं तसं जाणंही सोपं केलं.

त्यानंतर चिपीचा विमानतळ झाला, ऑक्टोबर २०२१ मध्ये. गोव्यातला मोपा विमानतळ २०२३ च्या जानेवारीपासून सुरू झाला आणि माझे निदान चौथ्या हिश्शाने पाहुणे आता तिथे उतरून येतात. २०२५ च्या जुलैत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यांत सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग आहेत. २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर शिवरायांनी ज्याचा पाया घातला, त्या किल्ल्याला जगाने मान दिला म्हणून त्या रात्री आमच्या वाडीत फटाके वाजले. मीही रडले. आणि मग मालवणच्या धक्क्यावरची रांग डोळ्यांपुढे आली. सकाळी येऊन होडीचं तिकीट काढणारा, दुपारी एक थाळी जेवून संध्याकाळी परतणारा माणूस शहरात कोंडी करून जातो आणि मागे फार थोडं ठेवतो. तो रात्रीला थांबला, आणि दुसऱ्या दिवशी किनाऱ्यापासून आत आला, तरच त्याच्या येण्याचा उपयोग वाडीला.

२०२२ मध्ये ग्रामपंचायतीच्या समितीवर होते म्हणून मला अशाच एका आराखड्याच्या बैठकीला बोलावणं आलं. भिंतीवर नकाशा होता. वीसेक लाल ठिपके, सगळे किनाऱ्यावर एका रेषेत, मण्यांच्या माळेसारखे. रेषेच्या पूर्वेला नकाशा पांढरा. मी उठून विचारलं, खाडीकाठची गावं कुठे आहेत? सादरीकरण करणारा मुलगा सभ्य होता. म्हणाला, “ताई, त्या भागात आकर्षणस्थळ नोंदलेलं नाही.”

त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला जी व्याख्या दिली होती तिच्यात तो बरोबर होता. पण त्याच पांढऱ्या भागात, नेरूरपारचा पूल ओलांडला की धामापूरचा तलाव आहे. १५३० च्या सुमाराचा. भगवतीच्या देवळाच्या पायऱ्या पाण्यात उतरतात. २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन वास्तूचा मान मिळाला, म्हणजे पाचशे वर्षांपूर्वीच्या पाणी नियोजनाचं कौतुक जगाने केलं. अलीकडच्या काठाला वालावलचं लक्ष्मीनारायणाचं देऊळ आणि त्याचं तळं. कुडाळच्या वाटेवर पिंगुळी. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या जिवंत ठेवल्या. त्यांतले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. दिवाळीनंतर गावोगावच्या जत्रा आणि रात्रभर चालणारे दशावतार. हे सगळं कुडाळ स्टेशन आणि देवबागचं टोक यांच्या मधे आहे. एवढ्या वाटेवर माणसाला तीन दिवस सहज लागतील. पाहुणा ते अंतर गाडीच्या काचेतून तासाभरात कापतो.

म्हणून मला वाटतं, आमच्याकडे पर्यटनाचं नियोजन किनाऱ्याच्या रेषेने करूच नये, खाडीच्या खोऱ्याने करावं. कर्लीचं एक, गडनदीचं एक, तेरेखोलचं एक. खालच्या टोकाचं गाव आणि वरच्या टोकाचं गाव एकाच कागदावर असावं, कारण त्यांचं पाणी एक, मासळी एक आणि सुनाही एकमेकांकडे दिलेल्या. तेरेखोलच्या बाबतीत तर अर्धा काठ गोव्यात. तिथे दोन राज्यांना एकत्र बसावं लागेल.

पाण्याबद्दल मला सविस्तर सांगायचं आहे, कारण बैठकीत त्यावर कुणी बोललं नाही.

माझी नणंद देवबागला दिलेली. देवबाग म्हणजे वाळूची एक लांब, अरुंद पट्टी. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कर्लीची खाडी. तिच्या माडांच्या बागेत उभं राहिलं की दोन्हीकडचं पाणी चालत जाण्याच्या टप्प्यात. अशा जमिनीत विहिरीला लागणारं गोडं पाणी म्हणजे वाळूत मुरलेला पाऊस. तो खालच्या खाऱ्या पाण्यावर सायीसारखा धरून राहतो. कळशीने उपसलं तर साय टिकते. पंप लावून दिवसभर ओढलं तर साय फाटते आणि खालचं खारं वर येतं. नणंदेने पाच खोल्या काढल्या, शेजाऱ्याने आठ, त्याच्या शेजारी बाहेरच्या कुणी जागा घेऊन बावीस. प्रत्येकाचा पंप. प्रत्येकाचा शोषखड्डाही त्याच वाळूत, कुणाचा कुणाच्या विहिरीपासून किती हातांवर ते कुणी मोजलेलं नाही. एका एप्रिलमध्ये तिचा फोन आला, “वैनी, बांयचा पाणी मचूळ लागता.” बांय म्हणजे विहीर. तेव्हापासून दर उन्हाळ्यात ती टँकर घेते. टँकरचं पाणी येतं आतल्या गावांतून. म्हणजे आमच्याकडून.

नणंदेला मी कधी नावं ठेवली नाहीत. त्या पाच खोल्यांवर तिच्या मुलीचं नर्सिंगचं शिक्षण झालं आणि घरावर स्लॅब चढला. तिचा नवरा पूर्वी रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून मासळीचं जाळं ओढायला, जायचा, आता पर्यटकांच्या बोटीवर असतो आणि महिन्याला हातात रोख येतं. ते घर उभं राहताना मी पाहिलंय. पण चूक तिची नसताना त्रास तिला होतोय, आणि तो टाळता आला असता. गावातल्या विहिरी किती माणसांना पुरतील हा आकडा कुणीतरी खोल्यांच्या आधी काढायला हवा होता.

ग्रामीण पाणीपुरवठ्यात जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर धरलेत. आमच्या घरी आम्ही चौघं एक हजार लिटरच्या टाकीवर तीन-चार दिवस काढतो. चार पाहुणे आले की तीच टाकी दिवसात दोनदा भरावी लागते. शॉवर, फ्लश, रोज बदलायच्या चादरी आणि टॉवेल. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, देशात फार थोड्या भागांत एवढा पडत असेल. तरीही मे महिन्यात विहिरी तळाला जातात, कारण जांभा दगड पाणी जसं पटकन घेतो तसंच पटकन सोडतो. आणि पाहुण्यांची सगळ्यात मोठी गर्दी नेमकी मे महिन्यात. शाळांना सुट्टी, हापूसचा हंगाम, चाकरमानी घरी आलेले. वर्षातलं सगळ्यात कमी पाणी आणि सगळ्यात जास्त माणसं एकाच महिन्यात येतात. हे ज्या आराखड्यात एका तक्त्यावर मांडलेलं नाही त्याला मी आराखडा म्हणणार नाही.

दुसरी गोष्ट रापणीची. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. होडीने जाळं समुद्रात अर्धगोल फिरवून आणतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून ओढतात. वीस-पंचवीस माणसं लागतात, कधी जास्त. मासळी आली की वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, आणि दोराला हात लावलेल्या प्रत्येकाचा वाटा. म्हातारा असला तरी, शाळेतून आलेला पोरगा असला तरी. विधवा बाईच्या घरी वाटा पोचवलेला मी पाहिलाय. या रापणीला मोकळी वाळू लागते, लांबच लांब. जिथे छत्र्या, खुर्च्या आणि कुंपणं आली तिथे दोर ओढायला जागा उरली नाही. होड्या ओढून ठेवायच्या कुठे, मासळी सुकवायची कुठे, हा वाद दर हंगामात होतो. २०२० मध्ये सरकारने आठ किनाऱ्यांवर शॅक, म्हणजे खाण्यापिण्याच्या तात्पुरत्या झोपड्या, उभारायचं धोरण आणलं, त्यांत आमचे कुणकेश्वर आणि तारकर्ली होते. शॅकला माझा विरोध नाही. पण किनाऱ्याच्या नकाशावर आधी रापणीची वाळू राखून ठेवावी, आणि मग उरलेल्यात काय बसतं ते पाहावं. पाहुण्यालाही रापण बघायला आवडते. मी नेलेल्या कित्येकांनी दोराला हात लावलाय, आणि रापणकरांनी त्यांना दोन बांगडे वाटा म्हणून हातात दिले तेव्हा त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होते.

पर्यटन या रापणीसारखं चालावं असं मला वाटतं. दोराला हात लावेल त्याला वाटा.

आणि कोकणात ते कुठे कुठे झालंय. २०१८ च्या मार्चमध्ये आम्ही वाडीतल्या तिघी जणी मुद्दाम वेळासला गेलो. मंडणगड तालुका, जवळजवळ रायगडच्या हद्दीवर. गाडी, एसटी, पुन्हा एसटी. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे समुद्री कासवांची घरटी राखायला सुरुवात केली आणि २००६ पासून कासव महोत्सव. पिल्लं अंड्यांतून बाहेर येऊन समुद्राकडे जातात ते बघायला लोक येतात आणि घराघरांत उतरतात. किनाऱ्यावर झगझगीत दिवे नाहीत, कारण पिल्लं उजेडाकडे वळतात. आम्ही ज्या घरी उतरलो त्या काकूंनी केळीच्या पानावर जेवायला वाढलं. पहिल्या संध्याकाळी एकही पिल्लू निघालं नाही, दुसऱ्या सकाळी सात निघाली. ओल्या वाळूवरून ती सात इवलीशी काळी पिल्लं चालत गेली आणि शंभरेक माणसं गप्प उभी होती. परत येताना आम्ही तिघी गाडीत एकच गोष्ट बोलत होतो, की ह्यांनी आधी राखायचं काय ते ठरवलं आणि पाहुण्यांना त्यात कसं बसवायचं ते नंतर.

जवळचं उदाहरण वेंगुर्ल्याचं. मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवून कांदळवन दाखवतात. आमच्या आबांना होडीचा धीर आला तो त्यांचं बघून. रत्नागिरीकडे उक्षीच्या लोकांनी सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, हत्तीच्या कातळशिल्पाला संरक्षक भिंत घातली आणि आता कोकणची कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. या तिन्ही ठिकाणी संस्थांची, अभ्यासकांची, सरकारी खात्यांची मदत होतीच. एकट्या गावाने हे होत नाही, आणि गावाने एकट्याने करावं अशी माझी मुळीच अपेक्षा नाही. रस्ता, सांडपाणी, पाण्याची चाचणी, कचऱ्याची गाडी ह्या गोष्टी सरकारने करायच्या असतात. एका ग्रामपंचायतीला कचऱ्याची गाडी परवडत नाही. खोऱ्यातल्या सात ग्रामपंचायतींना मिळून परवडते.

आता कर्जाचं. हे लिहिताना अजून माझा हात थरथरतो. २०१६ मध्ये आम्हाला तिसरी खोली आणि पाहुण्यांच्या संडासासाठी नीट बांधलेली टाकी करायची होती. बँकेत गेलो. न्याहारी निवासाची नोंदणी होती, वहीतला तीन वर्षांचा चोख हिशेब होता, एकही हप्ता कधी थकवलेला नव्हता. पण सातबारा सामायिक. चौदा नावं. त्यांतले पाच वारलेले आणि त्यांच्या वारसांची नोंद नाही, तिघं मुंबईत, एक बडोद्याला, आणि एकाशी वीस वर्षं बोलणं नाही. सगळ्यांच्या सह्या आणा म्हणाले. नाही आणता आल्या. माझ्या दोन पाटल्या मोडून टाकी बांधली, खोली राहिली. कोकणातल्या घराघरांत ही कथा आहे. घराण्याची जमीन वाटून घेतलेली नसते, म्हणून ती अजून शाबूत आहे हेही खरं. पण त्यामुळे इथल्या माणसाला तारण ठेवायला काही नसतं. उलट बाहेरून पैसा घेऊन येणारा सगळ्या हिस्सेदारांना गाठतो, प्रत्येकाला रक्कम देतो आणि सह्या मिळवतो. मग तोच भाऊबंद आपल्याच जुन्या कलमांच्या बागेत रखवालदार म्हणून उभा राहतो. पर्यटन विकासाच्या नावाने किनाऱ्यावर कितीही कोटी आले तरी सामायिक सातबाऱ्यावरच्या घराला विनातारण दोन-तीन लाख मिळायची सोय नसेल, तर त्यांतला वाटा आम्हाला कसा मिळणार? बचत गटाला जसं हमीवर कर्ज मिळतं तसं खोल्यांना मिळावं. माझ्याकडून लिहून घ्या, कोकणातल्या बायका ते बुडवणार नाहीत.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात. २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद. जून-जुलै मासेमारी बंद. किनाऱ्यावरच्या माणसाचे हे महिने कोरडे जातात. आमच्याकडे मात्र तेव्हा लावणी चालू असते आणि गेली चार वर्षं जुलैत मला आठ-दहा कुटुंबं मिळतात. चिखलात उतरतात, पेज आणि टाकळ्याची भाजी खातात. तेव्हा विहीर काठोकाठ भरलेली असते. पाहुण्यांना मेकडून जुलैकडे वळवणं, एवढंच जरी कुणी खोऱ्याच्या पातळीवर मनावर घेतलं, तरी नणंदेच्या विहिरीला उसंत मिळेल.

येत्या १ मेच्या ग्रामसभेसाठी मी आणि त्या चार भाजीवाल्या बायकांनी मिळून अर्ज लिहिलाय. गावात पाहुण्यांसाठी एकूण किती खोल्या असाव्यात ते विहिरींवरून ठरवावं आणि तोवर नव्या खोल्यांना ग्रामपंचायतीने ना हरकत देऊ नये, असं त्यात आहे. नव्या खोल्यांत माझी तिसरी खोलीही आली. खालच्या-वरच्या सहा गावांना पत्रं गेली आहेत, त्यांतलं देवबागचं पत्र नणंदेने स्वतः नेऊन दिलं.

सांगायला आकडे हवेत म्हणून मार्चपासून शाळेतली सातवीची मुलं दर रविवारी वाडीतल्या अकरा विहिरी मोजतात. सुंभाच्या दोरीला हातहाताच्या अंतरावर गाठी मारल्यात आणि खाली दगड. एक मुलगी दोर सोडते, एक गाठी मोजते, एक लिहिते. मार्चच्या पहिल्या रविवारी आमच्या विहिरीत सात हात पाणी होतं. काल पावणेचार. ठाण्याच्या आठ जणांना मेचा दुसरा आठवडा हवा होता. मी त्यांना रात्री फोन करून जुलैची तारीख दिली.